थीमवर काढलेले कार्ड सेट: काही उभे राहतात, काही आपटतात, ते का?

प्रश्न असा आहे: ट्रेडिंग कार्ड गेममध्ये (बंद पॅकमधून कार्डं जमवायची आणि त्यांतून आपला डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा) भयकथा, पुराणं, परीकथा, वाइल्ड वेस्ट किंवा एखादी प्रसिद्ध फ्रँचाइज अशी थीम घेऊन एक्सपान्शन, म्हणजे नव्या कार्डांचे सेट, काढली जातात. त्यांतली काही वर्षानुवर्षं खेळाडूंच्या तोंडी राहतात, काही मात्र महिन्याभरात सवलतीच्या खोक्यात जाऊन पडतात. चित्रं दोन्हीकडे देखणीच असतात, मग फरक कुठे पडतो?

थीम खेळणाऱ्याच्या हातून घडावी लागते. ती नावापुरती आणि चित्रापुरती राहिली की सेट गडगडतो. पण तेवढ्यावर भागत नाही. ती कॉमन, म्हणजे पॅकमध्ये सर्रास सापडणाऱ्या, कार्डांपर्यंत पोचावी लागते, सेटबाहेरच्या कार्डांशी तिचं जमावं लागतं आणि लोकांना ती पाहताक्षणी ओळखता यावी लागते. शिवाय हे सगळं साधूनही छपाईच्या आकड्यांमुळे किंवा पॅकच्या रचनेमुळे सेट बुडू शकतो. खालची बरीच उदाहरणं ‘मॅजिक: द गॅदरिंग’मधली आहेत, कारण त्या खेळाचे डिझायनर, विशेषतः मार्क रोझवॉटर, आपले फसलेले सेट उघडपणे चिरफाड करून दाखवतात. बाकीच्या कंपन्या सहसा गप्प बसतात.

आधी एक फसलेला सेट घेऊ. १९९५चा ‘होमलँड्स’. कथा म्हणून त्यात काही कमी नव्हतं. उल्ग्रोथा नावाचं जग, त्यातली घराणी, वैरं, बॅरन सेंगिर हा व्हॅम्पायर सरदार, सगळं तपशिलात रचलेलं. पण त्या सेटला स्वतःचं म्हणावं असं मेकॅनिकच, म्हणजे खेळण्याचा खास नियमच, नाही. बॅरन सेंगिर घ्या: आठ माना (कार्डं खेळण्याचं चलन) मोजून ५/५ (हल्ला ५, टिकाव ५) ताकदीचा उडणारा क्रीचर, म्हणजे लढणारा जीव, मिळतो, आणि तो दुसऱ्या व्हॅम्पायरना मरणातून वाचवू शकतो. त्या काळी खेळात व्हॅम्पायर होतेच मोजके, आणि आठ माना जमेपर्यंत डाव संपलेला असायचा. म्हणजे कथेतला सर्वांत मोठा माणूस टेबलावर जवळजवळ येतच नाही. १९९६च्या न्यूयॉर्क प्रो टूर या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक वैध सेटमधली किमान पाच कार्डं डेकमध्ये घ्यायची सक्ती होती. लोकांनी ‘होमलँड्स’ची कार्डं वापरली ती बरीचशी त्या नियमापोटी.

त्याच्या उलट टोकाला २०११चा ‘इनिस्ट्राड’. गॉथिक भयकथेची थीम, त्यामुळे त्यात वेअरवुल्फ हवेतच. एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला लांडगा, अशी दोन्ही बाजूंनी छापलेली कार्डं काढली. नियम एवढाच: मागच्या टर्नमध्ये कुणीही स्पेल टाकला, म्हणजे माना मोजून कार्ड खेळलं, नसेल तर माणसाचा लांडगा होतो, कुणा एका खेळाडूने एकाच टर्नमध्ये दोन स्पेल टाकले तर लांडग्याचा पुन्हा माणूस. याचा टेबलावर परिणाम काय होतो ते पाहा. वेअरवुल्फवाला मुद्दाम हात आखडून गप्प बसतो. समोरचा घाबरतो आणि जपून ठेवायचा स्पेल नको त्या वेळी टाकून मोकळा होतो. गाव निजलं की रात्र वाढते, गाव जागं झालं की ती सरते. ही गोष्ट नियमात कुठेही लिहिलेली नाही, ती दोन खेळाडू आपापसांत घडवतात. चित्रं झाकून खेळलात तरी भीती शिल्लक राहते.

कधीकधी यासाठी नवा नियमही लागत नाही, एक आकडा पुरतो. पोकेमॉनच्या २०००च्या ‘टीम रॉकेट’ सेटमध्ये खलनायकांच्या ताब्यातले ‘डार्क’ पोकेमॉन आले. बेस सेटमधल्या चारिझार्डचे १२० एचपी (जीवाचे गुण), तर डार्क चारिझार्डचे ८०. हल्ला जहाल, जीव मात्र कमी. वापरून घेतलेला, घाईने वाढवलेला प्राणी कसा असेल, हे मुलाला कार्डाच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून कळतं.

आता गणिताकडे येऊ, कारण बहुतेक सेट इथेच फसतात. डिझायनर ‘अ‍ॅज-फॅन’ नावाचा एक आकडा काढतात: एका पॅकमध्ये थीमची सरासरी किती कार्डं दिसतात. जुन्या १५ कार्डांच्या पॅकचा हिशोब सोपा आहे: १० कॉमन, ३ अनकॉमन, १ रेअर किंवा त्याहून दुर्मीळ मिथिक आणि १ लँड (माना देणारं कार्ड). सेटमध्ये १०१ कॉमन, ८० अनकॉमन आणि ६८ रेअर-मिथिक धरा. दोन डिझायनरांनी प्रत्येकी ४० कार्डांवर तीच थीम ठेवली. पहिल्याने ५ कॉमन, १२ अनकॉमन, २३ रेअर अशी वाटणी केली. मग कॉमनमधून १० × ५ ÷ १०१ म्हणजे ०.५०, अनकॉमनमधून ३ × १२ ÷ ८० म्हणजे ०.४५, रेअरमधून २३ ÷ ६८ म्हणजे ०.३४; बेरीज १.२९. दुसऱ्याने २० कॉमन, १४ अनकॉमन, ६ रेअर ठेवली: १.९८ अधिक ०.५३ अधिक ०.०९, म्हणजे २.६०. कार्डं तेवढीच ४०, पण पॅक फोडणाऱ्याला दुसऱ्या सेटमध्ये थीम दुप्पट दिसते.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे पॅक फोडून हातोहात फिरवत, एकेक कार्ड निवडून डेक बांधायच्या खेळात, हा फरक जिवावर बेततो. आठ जणांच्या टेबलावर प्रत्येकी तीन, म्हणजे २४ पॅक फुटतात. पहिल्या सेटमध्ये थीमची सुमारे ३१ कार्डं फिरतील, दुसऱ्यात ६२. तिघांना तोच डेक हवा असेल तर पहिल्यात प्रत्येकी जेमतेम दहा, आणि त्यातली निम्मी डेकच्या मानाच्या रंगात न बसणारी. ४० कार्डांच्या डेकमध्ये लँड सोडून साधारण २३ जागा असतात. त्यात पाच थीमची कार्डं बसली तर तो थीमचा डेक राहत नाही. खेळाडू दोनदा प्रयत्न करतो, हात पोळतात, तिसऱ्यांदा नुसते भक्कम क्रीचर घेऊन खेळतो आणि ‘सेट कंटाळवाणा आहे’ म्हणून मोकळा होतो. त्याला कंटाळा आला तो या १.२९ चा. मुख्य थीमसाठी दोनच्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे. दुय्यम थीमला एकाच्या आसपास चालतं. ‘इनिस्ट्राड’मध्ये तर प्रत्येक पॅकमध्ये एक दुहेरी कार्ड ठरलेलंच होतं, त्यामुळे कुठलाही पॅक थीमविना निघत नसे.

घनता वाढवून मात्र उलटा धोका ओढवतो. २००४चा ‘चॅम्पियन्स ऑफ कामिगावा’ त्यात अडकला. जपानी लोकश्रद्धांवरची थीम, अभ्यास पक्का. ‘स्प्लाइस ऑन्टू आर्केन’ हे त्याचं एक प्रमुख मेकॅनिक. ‘ग्लेशियल रे’ दोन मानाला दोन डॅमेज करतो. शिवाय तुम्ही दुसरा कुठलाही आर्केन स्पेल टाकत असाल, तर आणखी दोन माना देऊन ‘ग्लेशियल रे’चा परिणाम त्याला जोडता येतो आणि हे कार्ड हातातच राहतं. कल्पना सुरेख आहे. पण आर्केन हा शिक्का त्या ब्लॉकमधल्याच, म्हणजे लागोपाठ आलेल्या त्या जोडसेटांमधल्याच, स्पेलवर होता. बाहेरच्या डेकमध्ये नेलं की ‘ग्लेशियल रे’ म्हणजे एक साधा स्पेल, बस. अशा मेकॅनिकला खेळाडू ‘पॅरासिटिक’ म्हणतात: आपल्याच सेटच्या कार्डांवर जगणारं. ज्याच्याकडे जुना संग्रह आहे त्याला नव्या पॅकचा उपयोग होत नाही आणि सेट मागे पडला की ती कार्डंही मरतात.

कामिगावाची आणखी तीन दुखणी होती. रेअर क्रीचर जवळजवळ सगळे लेजेंडरी, म्हणजे कथेतली एकमेव पात्रं. त्याच वेळी नियम बदलला होता की एकाच नावाचे दोन लेजेंडरी टेबलावर आले, मग ते कुणाचेही असोत, तर दोन्ही मरतात. त्यामुळे एका डेकमध्ये चार प्रती ठेवणं धोक्याचं झालं. दुसरं, त्याआधीचा ‘मिरोडिन’ ब्लॉक इतका ताकदवान होता की आर्केबाउंड रॅव्हेजर हे कार्ड आणि आर्टिफॅक्ट (वस्तू) म्हणूनही मोजली जाणारी लँड मार्च २००५मध्ये बॅन करावे लागले. त्याच्या शेजारी कामिगावा फिका दिसणारच होता. तिसरं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: थीमशी प्रामाणिक राहण्याच्या नादात ती बहुतेक ग्राहकांना परकी झाली. ज्याला त्या श्रद्धा माहीत नाहीत, त्याला चित्रातला कामी (जपानी श्रद्धेतला दैवी आत्मा) म्हणजे हवेत तरंगणाऱ्या वस्तूंचा पुंजका दिसतो. वेअरवुल्फ दोन सेकंदांत ओळखू येतो, याला तळटीप लागते.

फेब्रुवारी २०२२मध्ये ‘कामिगावा: निऑन डायनेस्टी’ आला आणि तेच जग गाजलं. मुखपृष्ठावर निऑन दिवे आले म्हणून ते चाललं, असं वरवर वाटतं. मेकॅनिकांकडे बघा. निन्जुत्सु (हल्लेखोर हातात परत घेऊन त्याच्या जागी निन्जा घुसवणं) जुन्या ब्लॉकमधूनच आलं, पण ते कुठल्याही अडवल्या न गेलेल्या हल्लेखोराशी जमतं. चॅनलसुद्धा जुनंच: कार्ड टाकून द्या, परिणाम घ्या, सोबतीला कुणी लागत नाही. ‘मॉडिफाइड’ हा नवा शब्द काउंटर (खुणेचा खडा), ऑरा (जडवलेला मंत्र) किंवा इक्विपमेंट (शस्त्र-साधन) लावलेल्या कुठल्याही क्रीचरला लागू. तीस वर्षांत जमवलेली कार्डं त्याच्याशी बोलू लागतात. आर्केनची चूक नेमकी उलटवली होती.

यू-गी-ओ हा दुसरा कार्ड गेम खेळणारे इथे हमखास आक्षेप घेतात: आमच्याकडे तर सगळंच नावावर बांधलेलं असतं, अमुक नावाचं कार्ड तमुक नावाचंच कार्ड शोधतं, तरी सेट विकले जातात. खरं आहे, पण तिथे ड्राफ्ट मुख्य नाही, कार्डं रोटेशनने, म्हणजे सेट जुना झाला म्हणून, स्पर्धेतून बाद होत नाहीत, बंदी आणि मर्यादेची यादी तेवढी असते. आर्केटाइप, म्हणजे एका नावाने बांधलेला कार्डांचा गट, आज अर्धवट राहिला तरी चार वर्षांनी त्याला नवी कार्डं मिळून तो पुन्हा उभा राहतो. तोच दोष वेगळ्या वितरणात सोसवतो. म्हणून दुसऱ्या खेळाची रचना उचलताना त्याचं रोटेशन आणि पॅक कसे आहेत, ते आधी बघावं.

ओळखीच्या थीमबद्दलही एक गफलत होते. आठवणींवर बांधलेले सेट घ्या. २००६च्या ‘टाइम स्पायरल’मध्ये जुन्या फ्रेममधली (छापील चौकटीतली) १२१ जुनी कार्डं प्रत्येक पॅकमध्ये एक अशी टाकली होती, आणि बाकीचा सेटही जुन्या मेकॅनिकांच्या उल्लेखांनी खच्चून भरला होता. मुरलेले खेळाडू खूश झाले, स्पर्धांना गर्दी वाढली, विक्री मात्र घसरली. नव्या माणसाला विनोद कळेना आणि डझनावारी कीवर्ड (नियमांची एकशब्दी नावं) पाठ होईनात. याउलट २०२३चा ‘पोकेमॉन १५१’ पहिल्या १५१ पोकेमॉनवर काढला, कार्डांना क्रमांकही पोकेडेक्सच्याच (पोकेमॉनच्या क्रमवार यादीच्याच) ओळीने दिले. ती आठवण लहानपणी व्हिडिओ गेम खेळलेल्या किंवा मालिका पाहिलेल्या कुणाचीही असू शकते. कार्डांचे जुने नियम आठवावे लागत नाहीत. आठवण विकायची असेल तर ती खेळाबाहेरच्या माणसाकडेही आहे का, हे तपासावं.

‘थीम ओळखीची आहे ना, मग झालं’ ही दुसरी चूक. २०२४च्या फेब्रुवारीत ‘मर्डर्स ॲट कार्लोव्ह मॅनर’ आला, एप्रिलमध्ये ‘आउटलॉज ऑफ थंडर जंक्शन’. एकात खुनाचा तपास, दुसऱ्यात वाइल्ड वेस्ट. दोन्ही विषय सगळ्यांना ठाऊक. पण पहिला सेट राव्हनिका या दहा गिल्डच्या (संघटनांच्या) शहरात घडतो. तिथे येणारा माणूस गिल्डसाठी येतो आणि त्याला डिटेक्टिव्हच्या टोपीतली ओळखीची पात्रं भेटली. दुसऱ्यात तर वेगवेगळ्या जगांतले खलनायक एकजात काऊबॉय टोप्या घालून जमले. खेळाडूंनी ‘टोप्यांचे सेट’ म्हणून खिल्ली उडवली आणि ती लागू होती: थीम पात्रांच्या अंगावर चढवलेली होती, त्यांच्या जगातून आलेली नव्हती. गंमत म्हणजे थंडर जंक्शनचं मेकॅनिकल काम चांगलं आहे. ‘आउटलॉ’ म्हणजे असॅसिन, मर्सिनरी, पायरेट, रोग आणि वॉरलॉक या आधीपासूनच्या पाच प्रकारांची मोट. जुनी ढीगभर कार्डं आपोआप टोळीत सामील. आर्केनने शिकवलेला धडा इथे नीट गिरवलाय. डोकं चांगलं, टोपी वाईट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘ब्लूमबरो’मध्ये माणूसच नाही, सगळे छोटे प्राणी, जग आणि थीम एकच, त्यामुळे तो तक्रारीविना उचलला गेला.

फ्रँचाइजचे सेट याच कसोटीवर बघावेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: टेल्स ऑफ मिडल-अर्थ’ने २०२३मध्ये सुमारे सहा महिन्यांत २० कोटी डॉलरची विक्री केली, जून २०२५च्या ‘फायनल फँटसी’ने तेवढीच एका दिवसात केल्याचं मॅजिकची मालक कंपनी हॅस्ब्रोने सांगितलं. नाव मोठं होतंच. पण मिडल-अर्थच्या सेटमध्ये अंगठी मोह घालते तेव्हा तुम्हाला एक क्रीचर अंगठीवाहक निवडावा लागतो. पहिल्या मोहाला तो मोठ्या ताकदीच्या क्रीचरना चुकवून निसटतो, चौथ्यापर्यंत त्याचा प्रत्येक यशस्वी वार प्रतिस्पर्ध्यांचं आणखी तीन आयुष्य घेतो. तुम्ही मोहाला स्वतःहून होकार देत राहता. ‘फायनल फँटसी’मध्ये समन केलेले (मदतीला बोलावलेले) महाकाय जीव सागा-क्रीचर आहेत: येतात, काही टर्न एकेक अध्याय उलगडतात आणि निघून जातात, मूळ गेममध्ये येऊन जातात तसेच.

आता थीमशी संबंध नसलेली अपयशं, कारण बरेच जण ती थीमच्या माथी मारतात.

नोव्हेंबर १९९४चा ‘फॉलन एम्पायर्स’ अजूनही टाकाऊ सेट म्हणून ओळखला जातो. आधीच्या सेटांच्या तुटवड्यात दुकानदारांना मागणीच्या तुकड्याइतका माल मिळायचा, म्हणून त्यांनी मागणी फुगवून नोंदवली. या वेळी कंपनीने ती पूर्ण केली. बाजार तुंबला, भाव कोसळले. त्यातल्या गोब्लिन, थ्रल, सॅपरोलिंग टोळ्यांच्या थीमचा यात फारसा हात नव्हता.

मे २०२३चा ‘मार्च ऑफ द मशीन: द आफ्टरमॅथ’ हा पॅकच्या रचनेचा बळी. एकूण ५० कार्डं, पाच कार्डांचा पॅक. ड्राफ्ट होत नाही, पॅक फोडायला मजा नाही, पुन्हा पुन्हा तीच कार्डं. याच साच्यात पुढचे सेटही ठरले होते. थंडर जंक्शनच्या मागून यायची असलेली ‘द बिग स्कोअर’ची ३० कार्डं शेवटी मुख्य सेटच्या पॅकमध्येच कोंबावी लागली. कथेचा उपसंहार ही कल्पना काही वाईट नव्हती. पाच कार्डांत ती मावत नव्हती.

आणि ताकदीचा तोल. २०१९च्या ‘थ्रोन ऑफ एल्ड्रेन’ची परीकथेची थीम उत्तम उतरली. ‘ॲडव्हेंचर’ कार्डात आधी छोटा प्रसंग घडतो, मग पात्र येतं: ‘बोनक्रशर जायंट’ आधी पाय आपटून दोन डॅमेज करतो, नंतर ४/३ राक्षस म्हणून स्वतः उतरतो. पण त्याच सेटमधल्या ओको या कार्डाने समोरचा कुठलाही क्रीचर किंवा आर्टिफॅक्ट ३/३ एल्क (मोठं हरीण) करून टाकायचा सपाटा लावला, आणि ते कार्ड होतं अवघ्या तीन मानाचं. सेट ४ ऑक्टोबरला आला, ओको १८ नोव्हेंबरला स्टँडर्ड या नव्या सेटांच्या स्पर्धाप्रकारात बॅन झाला. विक्री चांगली झाली, खेळाचा मोसम वाया गेला. म्हणून ‘यशस्वी’ म्हणताना विक्री, ड्राफ्ट आणि स्पर्धा यांतलं काय मोजतोय ते आधी ठरवावं.

स्वतः सेट बनवणाऱ्यांसाठी, छापण्याआधीची तपासणी. कागदाच्या चिठ्ठ्यांवर कार्डं लिहून स्लीव्हमध्ये जुन्या कार्डांपुढे सरकवा. कॉमन, अनकॉमन, रेअर असे तीन गठ्ठे पिसून ठरल्या प्रमाणात पॅक भरा. नावं काढून टाका, फक्त नियम ठेवा, आणि थीम न सांगता दोघांना प्रत्येकी सहा पॅकांतून ४० कार्डांचा डेक बांधून खेळायला बसवा. दोन गोष्टी टिपायच्या: पहिल्या पाच टर्नमध्ये थीमची कृती किती वेळा घडली आणि खेळानंतर त्यांनी विषयाचा अंदाज काय केला. ‘कशात तरी रूप बदलतंय’, ‘कुणीतरी लपलंय’ एवढं जरी आलं तरी चालेल. ‘नॉर्मल खेळ वाटला’ असं आलं तर नावं परत घालून ते बरं होणार नाही.

कृती घडत नसेल तर आधी अ‍ॅज-फॅन मोजा. कमी असेल तर रेअरवरची थीम कॉमनवर उतरवा, पण तशीच उचलून नाही. कॉमनवरचा मजकूर तीन ओळींत बसला पाहिजे. ‘लॉरविन’मध्ये २००७ साली कॉमन कार्डांचे एकमेकांवरचे परिणाम मोजता मोजता लोक दमले, आणि त्यानंतरच कॉमनपैकी साधारण पाचवा हिस्साच गुंतागुंतीचा ठेवायचा दंडक मॅजिकने घालून घेतला. कृती घडतेय पण डेक अडकतोय, असं असेल तर अवलंबित्व शोधा. वाहनांच्या थीममध्ये हे नेहमी होतं: वाहन चालवायला क्रीचर टॅप करावे, म्हणजे त्या टर्नपुरते आडवे करून वापरावे, लागतात, उत्साहाने सात-आठ वाहनं घेतलेला डेक चालकांविना उभा राहतो. ४० कार्डांत दोन-तीन वाहनांपुढे जायचं असेल तर चालक टोकन (दुसऱ्या कार्डाने तयार होणारे छोटे क्रीचर) देणारी कॉमन कार्डं लागतातच. २०२५च्या ‘एथरड्रिफ्ट’मधले पायलट टोकन त्यासाठीच होते. एका फेरीत एकच बदल करा, घनता किंवा मजकूर किंवा मानाची किंमत. तिन्ही एकदम हलवले तर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या सेटला पुन्हा शून्यापासून मोजणी करावी लागते.